पुंगळीचं कुंकू

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माझं नाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही, सुईत दोरासुद्धा ओवायला लावला नाही. कोटाच्या खिशातून त्यांनी रायफलच्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी काढली, ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "पाह्य बरं पोरी, इच्या बुडाले काय दिसते तुले?"

माझे वडील यवतमाळला शाळामास्तर होते. त्यांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच अधांतरी राहिली. आईनं दाराआडून मान बाहेर काढली. मी पुंगळी खिडकीकडे धरली. बुडाशी गोल पिवळं पितळ, कडेनं कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरं आणि मधोमध तांब्याचा एक ठिपका.

"टिकलीसारखं काहीतरी आहे," मी म्हणाले. "टिकलीच्या मधे खड्डा आहे."

"टिकलीची कड कशी हाय? चपटली का गोल हाय?"

"गोल आहे."

"अन् टिकली अन् पितळ यायच्या मधात बारीक खाच दिसते?"

"दिसते. केसाएवढी."

त्यांनी पुंगळी परत घेतली, रुमालानं पुसली, खिशात टाकली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "झालं, मास्तर. पोरीचे डोळे चांगले हायेत, अन् नसलेलं सांगत नाई." अशा रीतीनं माझं लग्न ठरलं. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता आणि मी यवतमाळहून पांढरकवड्याला. दोन्ही बदल अंगवळणी पडायला सारखाच वेळ लागला.

गावात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, मी मामंजी. उंच, किडकिडीत, कानांच्या पाळ्या लांब. कचेरीत त्यांचा आवाज पार बाहेरच्या चिंचेखाली ऐकू यायचा म्हणतात. घरात मात्र ते इतकं हळू बोलत की पहिले काही महिने मी नुसत्या माना डोलवल्या. दुपारची कचेरी सुटली की ते घरी येत, धोतर-बंडीवर ओसरीच्या पश्चिमेच्या खिडकीशी आरामखुर्चीत बसत आणि तिथून पुढं संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी काही विचारायचं नाही, असा घरचा रिवाज होता. खिडकीच्या चौकटीत पुंगळ्या ओळीनं उभ्या असत. ऊन तिरपं झालं की त्या एकामागून एक पेटल्यासारख्या दिसू लागत. लांब नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून ट्रक जात, त्यांची घरघर कडुनिंबातून गाळून आल्यासारखी मऊ होऊन घरात पोचायची. मामंजी एकेक पुंगळी उचलत, उन्हात फिरवत, पुन्हा ठेवत. मला आधी वाटलं, म्हाताऱ्यांना झोप लागते आणि झोपेत त्यांचे हात चालतात.

झोप नव्हती ती. त्या काळात परदेशी काडतुसं येईनाशी झाली होती, आणि मामंजींची रायफल जुनी विलायती, बोल्टची, दर बाराला मूठ उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडायची. रानडुकरं तर दरसाल येत. खुनी नदीच्या काठानं, केळापूरच्या अंगानं, तांड्यांच्या ज्वारीत घुसून एका रात्रीत वावर लोळवून जात. म्हणून मामंजी उडवलेल्या पुंगळ्या जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. बुडाशी नवी टोपी, म्हणजे ती टिकली, मग मोजून दारू, वर गोळी. त्याची रीतसर परवानगी काढलेली होती. कलम पाहिल्याशिवाय ज्याला शिंकसुद्धा येत नाही असा माणूस बेकायदा काही करेल, हे शक्यच नव्हतं.

"दारू भरणं सोपं हाय," ते म्हणत. "भरली का बाई चूप बसते. बोलते ते पितळ. मी पितळाचं ऐकून राह्यलो."

पितळाचं ऐकायचं कसं, ते त्यांनी मला त्या दुपारींत शिकवलं. मी तांदूळ निवडत जवळ बसायची आणि ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सांगत राहायचे. दारू नेहमी कमीपासून सुरू करायची. थोडी थोडी वाढवत जायचं, दर वेळी एक बार काढायचा आणि पुंगळी पाहायची. नळीच्या आत दाब किती झाला हे माणसाला दिसत नाही, पण पुंगळी तो दाब अंगावर घेऊन बाहेर येते. दाब बेताचा असेल तर टिकलीची कड गोल राहते. वाढला की टिकली चेपून सपाट होते आणि पार आपल्या खोबणीच्या काठापर्यंत पसरते. रायफलच्या टाचणीनं पाडलेल्या खड्ड्याभोवती कड उठते. त्याहून वाढला तर काठातून धूर निसटून काळं वर्तुळ उमटतं. बुडाच्या पितळावर चकचकीत ओरखडा दिसतो. आणि बोल्टची मूठ उचलायला जड जाते.

"पण एका साक्षीवर मी कधी खटला उभा केला नाई," ते म्हणायचे. "टिकली मऊ तांब्याची असली त उगाच चपटते. ते भित्रं साक्षीदार हाय. मूठ धुळीनंही अडते. म्हणून सगळ्यायले बोलवाचं, एकमेकाच्या बाजूले उभं करायचं, अन् मग इचाराचं. पण पयला साक्षीदार बोलला का तिथंच थांबाचं, हे पक्कं. दुसऱ्याची वाट पाह्यत दारू वाढवाची नाई. थांबाचं, अन् मांगं याचं."

मला त्यातलं निम्मं कळायचं. पण ते ऐकताना तांदळातले खडे आपोआप हाताला लागायचे आणि दुपार कधी सरली हे समजायचं नाही.

या बाबतीत ते कोणाचीही भीडभाड ठेवत नसत. एकदा नागपूरकडचे एक कंत्राटदार शिकारीसाठी आले होते. गोरेपान, रेशमी सदरा, बोलायला भारी गोड. जेवताना ते सांगू लागले की आपली गोळी इतकी वेगानं जाते की जनावराला आवाजच ऐकू येत नाही. "फक्त बोल्ट जरा घट्ट येतो," ते हसत म्हणाले, "मग लाकडाच्या ठोकळ्यानं एक टोला द्यायचा की झालं." मामंजींचा घास हातातच राहिला. जेवण झाल्यावर त्यांनी कंत्राटदारांच्या पुंगळ्या मागून घेतल्या, खिडकीत ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "साहेब, दार ठोकून उघडा लागते त आत कोणीतरी जोर लावून राह्यलं हाय, हे नाई कळत तुमाले? अन् ते तुमी हसून सांगून राह्यले?" कंत्राटदार दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेले. आमच्या ह्यांना त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या जीपमधून जंगलात जायचा बेत ठरला होता. मला मात्र मनातून हसू येत होतं.

'कुंकू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो अशाच एका दुपारी. मामंजी एक पुंगळी बाजूला काढत स्वतःशीच पुटपुटले, "इचं कुंकू पसरलं."

मी विचारलं, "कुंकू?"

ते थोडे लाजल्यासारखे झाले. मग म्हणाले, "तुया सासूचा शब्द हाय तो."

सासूबाईंना मी पाहिलं नव्हतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता. ठसठशीत कुंकू, नाकात चमकी आणि आत्ता काहीतरी बोलतील असे ओठ. मामंजींना तरुणपणी दारू वाढवत नेण्याचा नाद होता. एका पौषात त्यांनी काडतुसं भरली. थंडीत सगळी छान उडाली. मग वैशाख आला, आणि त्याच डब्यातली काडतुसं घेऊन ते नदीकाठच्या दरडीवर नेम धरायला गेले. आल्यावर पुंगळ्या ओसरीत ओतल्या. सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांनी एक उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, इचं कुंकू पसरलं नं. अन् काजळही वाह्यलं."

"मी पाह्यलं त खरंच," मामंजी म्हणाले. "दारू तेवढीच, गोळी तीच, रायफल तीच. फक्त ऊन येगळं. आपल्या वैशाखात छपराचे कवेलूही हात लावू देत नाईत, त दारू थंड कशी राहीन? मले हे सुचलं नवतं. तिले पुंगळी पाहून दिसलं." त्यानंतर त्यांनी दोन डबे केले. हिरवा डबा हिवाळ्याचा. तांबडा उन्हाळ्याचा, त्यातली काडतुसं होळीनंतर कमी दारूची भरायची. हिरव्याला उन्हाळ्यात हात लावायचा नाही. बायको गेली तरी डबे राहिले आणि शब्दही राहिला.

हे सांगून त्यांनी ती पुंगळी रुमालानं पुसली. खिडकीतलं ऊन फोटोच्या काचेपर्यंत गेलं होतं. मला उठवेना.

मामंजींना दिसेनासं झालंय, हे माझ्या लक्षात आलं ते हळूहळू. चहा बशीत ओतताना बशीबाहेर जाऊ लागला. पुंगळी उन्हात धरण्याऐवजी ते तिच्या बुडावरून अंगठा फिरवू लागले. "सूनबाई, तू पाह्य बरं," हे पूर्वी गमतीनं म्हणत, आता दर वेळी म्हणू लागले. डोळ्यांच्या बाहुल्यांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसत होतं. कचेरीत ते कागद हातात धरून पाठ म्हणत असावेत, कारण रोज सकाळी मुन्शी त्यांना सगळे कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. मुन्शी बोलला नाही, मीही बोलले नाही. ज्या वकिलाला कागद दिसत नाही त्याच्याकडे पक्षकार कशाला येतील? मामंजींचं आयुष्य त्या कचेरीत गेलं होतं. ती सुटली तर त्यांनी दिवसभर करायचं काय?

त्या वर्षी होळी झाली, पाडवा झाला, पण तांबडा डबा रिकामाच राहिला. "यंदा उन्हाळ्यात रायफल काढाची नाई," मामंजी म्हणाले. "गरम होते लय." सगळ्यांना ते पटलं. दारू तोलायच्या काट्याची सुई त्यांना दिसत नव्हती, हे फक्त मला ठाऊक होतं.

आणि वैशाखातच गोवर्धन नाईक आला.

नाईक म्हणजे जवळच्या बंजारा तांड्याचा पुढारी. पूर्वजांनी बैलांवर मीठ-धान्य वाहिलेलं, आता हे लोक कोरडवाहू शेती करत. तांबडा फेटा, पांढऱ्या मिशा. मामंजींचा जुना शिकारीचा सोबती आणि जुना अशील. भर दुपारी तो तांड्यातली चार-पाच माणसं घेऊन ओसरीसमोर येऊन उभा राहिला. ओसरीवर आधीच सोमवारच्या तारखेसाठी आलेले दोन पक्षकार बसले होते, आणि मुन्शी.

"रामराम, वकीलसाब. डुक्कर हाय. कोणीतरी जखमी करून सोडलं. झिऱ्याजवळच्या झुडपात बसून राह्यलं. कालपासून आमच्या याड्या-माया, लेकी पाण्याले जाऊ नाई शकत. मह्या भावजयीची मांडी फाडली त्यानं."

"तिचं कसं हाय?"

"दवाखान्यात नेली. वाचन. पण तांड्यात दुसरं पाणी नाई, साहेब. रायफल पाह्यजे."

आमचे हे आतून रायफल घेऊनच बाहेर आले. रायफल त्यांच्याही परवान्यावर चढवलेली होती, आणि वडिलांच्या तोडीचा नेम आहे हे एकदा सिद्ध करायची त्यांना फार हौस. "आबा, मी जातो. काडतुसं?"

तांबडा डबा रिकामा. हिरव्यात हिवाळ्याची पाच-सहा उरली होती. ह्यांनी हिरवा डबा उघडला. डबा कवेलूखालच्या फळीवर होता, काडतुसं हाताला चांगलीच कोमट लागत होती, असं हे नंतर म्हणाले.

"आधी एक इथं उडव," मामंजी म्हणाले. "मागच्या नाल्यात, दरडीत. मंग पाहू."

घर गावाच्या टोकाला होतं. मागे आमचंच वावर आणि त्यापलीकडे कोरडा नाला. सगळे मागच्या अंगणात गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ऊन असं की नाल्यापलीकडची पळसाची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. बार झाला. कडुनिंबातले कावळे उडाले. मग एक बारीकसा अवकाश. ह्यांनी बोल्टची मूठ उचलली ती तळहाताचा जोर लावून.

"मूठ अडली," मामंजी म्हणाले. त्यांनी ते पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं.

"धूळ हाय आबा. केव्हाची पडून होती."

"असन. पुंगळी आण."

सगळे पुन्हा ओसरीवर आले. मामंजींनी पुंगळी हातात घेतली. खिडकीशी गेले. ती डोळ्यांसमोर धरली, फिरवली, जवळ नेली, लांब नेली. ज्या कोनात ऊन पडत होतं तिथं ती नव्हतीच. ती सावलीत होती आणि मामंजी सावलीत पाहत होते. नाईक पाहत होता, तांड्याची माणसं पाहत होती, पक्षकार पाहत होते. मुन्शीनं मान खाली घातली. त्यांचा अंगठा बुडावरून फिरत राहिला, आणि मला कळलं की अंगठ्याला संशय आलाय, पण अंगठ्याच्या एका साक्षीवर ते बोलणार नाहीत. "ठीक हाय" म्हणाले असते तर पोरगा निघाला असता. "ठीक नाई" म्हणाले असते तर पोरानं म्हटलं असतं, दाखवा कुठं आहे ते.

फार वेळ गेला असं मला वाटलं. खरं तर मुन्शीनं अंगावरची माशी उडवली, एवढाच वेळ असेल.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, आणि तो त्यांचा घरातला आवाज नव्हता, कचेरीतला होता. "बाहेर ये. मले दिसत नाई."

मी पदर सावरत बाहेर आले. इतक्या पुरुषांसमोर यायची ती पहिलीच वेळ. पुंगळी हातात घेऊन उन्हात धरली.

टिकली राहिलीच नव्हती. सपाट होऊन पार काठाला भिडली होती. केसाएवढी ती खाच, जी मी माझ्या लग्नाच्या वेळी पाहिली होती, कुठंच नव्हती. खड्ड्याभोवती कड उठली होती. भोवती काळं वर्तुळ. पितळावर नखानं ओढल्यासारखी चमकती रेघ.

"कुंकू पसरलंय, मामंजी," मी म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर माझा हात कपाळाशी गेला. कारण ती रायफल गालाला लावून उभा राहणार होता तो माझा नवरा होता. रोज अंगणात तुळशीला पाणी घालण्याआधी मी ज्याच्यासाठी कपाळ भरत होते, तोच.

"काजळ?"

"वाहिलंय."

"बुडावर काही?"

"ओरखडा आहे. चकचकीत."

"वसंता, मूठ कशी गेली? खरं सांग."

हे खाली पाहत म्हणाले, "जड गेली, आबा."

"सगळे साक्षीदार एकच बोलून राह्यले," मामंजी म्हणाले. "रायफल जाणार नाई."

"आबा, एकच तर गोळी मारायची हाय. एकानं काय होते?"

"एकानंच होते, बावा. दुसरी माराले माणूस पाह्यजे नं."

नाईक पायरीशी उभा होता. त्याच्या तांड्याचं पाणी त्या रायफलीवर अडलं होतं. भावजय दवाखान्यात होती. तो रागावला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि फेटा सारखा करत म्हणाला, "राहू द्या, वकीलसाब. एका बाईच्या पाण्यासाठी दुसऱ्या बाईचं..." मामंजींनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग ह्यांना सायकलवर पाठवून राजूरच्या खाणीवरच्या एका परवानेवाल्याला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी आपली बंदूक घेऊन आला आणि डुक्कर पडलं. तोवर तांड्याच्या पोरांनी डबे बडवून, बायांना मधे घेऊन कसंबसं पाणी आणलं. आमच्या मुन्शीनंही एक डबा बडवला असं तो पुढं वर्षानुवर्षं सांगत असे. ते कितपत खरं, देव जाणे.

वकीलसाहेबांना दिसत नाही, ही बातमी संध्याकाळच्या आत बाजारपेठेत पोचली. ते दोन पक्षकार सोमवारी आले ते कागद परत मागायलाच. मामंजींनी दोघांचे कागद हातानं चाचपून दिले, अचूक. ते गेल्यावर मी आत जाऊन रडले. मला राग आला होता, कोणावर ते समजत नव्हतं. मामंजींनी हाक मारली.

"काहून रडून राह्यली?"

"तुमची कचेरी गेली, मामंजी."

"कचेरी तिथंच हाय. मी नाई जाणार तिथं, एवढंच." मग थोडं थांबून म्हणाले, "मले लय भेव वाटत होतं त्याचं. त्या दिवशी ओसरीवर उभं राह्यल्यावर समजलं, त्याच्याहून मोठं भेव असते."

त्यांनी ह्यांच्याकडून हिरव्या डब्यातली उरलेली सगळी काडतुसं उघडून घेतली आणि दारू पाण्यात बुडवून टाकली. त्यानंतर आमच्या घरात काडतूस भरलं गेलं नाही. आमचे हे दोन-तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका दुपारी ती सपाट कपाळाची पुंगळी आणि एक जुनी चांगली पुंगळी घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. "दाखव बरं मले," म्हणाले, "कुंकू म्हणजे नेमकं काय?" मी दाखवलं. दोन्ही शेजारी शेजारी उन्हात धरून ते किती तरी वेळ पाहत बसले. त्यानंतर ती सपाट पुंगळी त्यांच्या खिशात असायची. पेनासारखी.

मामंजी गेले ते पुढं बऱ्याच वर्षांनी, दुपारच्या झोपेत, त्याच आरामखुर्चीत. चौकटीतल्या पुंगळ्या मी अजून पुसते. पण त्यांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर खुर्ची येत नाही, यवतमाळचा दवाखाना येतो.

रायफल अडली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नेलं. हिरवी पट्टी बांधून ते उताणे पडून असत, डोकं हलवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचायची. ते ऐकत की झोपत कोण जाणे. मधेच विचारत, "ऊन कुठवर आलं?" मी सांगायची, खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत. ते समाधानानं हुंकार देत. पुढं चष्म्याचा दिवस आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा. डॉक्टरांनी तो त्यांच्या कानांवर चढवला आणि पडदा थोडा बाजूला केला.

आम्ही दोघं पलंगाशी उभे होतो. आबा पहिल्यांदा काय मागतील ते ठाऊक असल्यासारखी ह्यांनी खिशातून ती पुंगळी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. "पाहा आबा, दिसते का?"

मामंजींनी ह्यांचा हात हळूच बाजूला सारला. पुंगळीकडे त्यांनी पाहिलंच नाही. भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे मोठे झाले होते, मुलांसारखे. ते हळूहळू वळले आणि माझ्या कपाळावर येऊन थांबले. सकाळी घाईत मेण लावून टेकवलेलं माझं कुंकू. ते किती तरी वेळ पाहत राहिले, उन्हात धरलेल्या पुंगळीकडे पाहायचे तसे.

"गोल हाय," मामंजी म्हणाले.